रॉडखालची दोन बोटं

जिमची मला पहिल्या दिवसापासून किळस आहे आणि इतक्या वर्षांत ती कमी झालेली नाही. रबरी चटयांचा वास, आधीच्या माणसाच्या घामानं ओली राहिलेली गादी, भिंतभर आरसे, आणि त्या आरशात स्वतःचा दंड चोरून पाहणारी, पोट सुटलेली माणसं. वरून गाणी अशी की शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानात ओरडावं लागे. डॉक्टरांनी साखरेची भीती घातली नसती तर अकोल्यातल्या त्या दुसऱ्या मजल्याच्या जिन्याला मी पायसुद्धा लावला नसता. पण लावला, आणि तिथं विलास तायडे भेटला.

मी कॉलेजात भूगोल शिकवायचो, त्यामुळे 'सर' ही हाक आपली, असा माझा समज. जिममध्ये पाहतो तर सगळेच सर. जिमचा मालक बंटी, नुकतं मिसरूड फुटलेला, तोही सर. पहिल्या दिवशी एका आडव्या बाकावर टेकणार तोच मागून आवाज आला, "थांबा जी सर. बसू नोका." चाळिशी ओलांडलेला, काळासावळा, ठेंगणाच, पण खांद्यांनी रुंद असा एक माणूस पुढं आला. खांद्यावरच्या पंचानं त्यानं ती गादी पुसली, पंचाचा वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"छ्या! माणसं हायेत का म्हशी? आता बसा."

त्या सबंध हॉलमध्ये माझ्यासारखी किळस येणारा आणखी एक जण आहे, एवढ्यावरच मी त्याच्याकडं 'पर्सनल' लावली. तिकडं पर्सनल ट्रेनरला नुसतं पर्सनल म्हणायचे. "माझा पर्सनल आला नाही आज", "तुझा पर्सनल कोण?" असं. माणसाला माणूस म्हणायची गरज नाही, हे त्या शब्दातच आलं.

लोकांना वाटे विलास जिमचा नोकर. तो कोणाचाच नोकर नव्हता. आपली गिऱ्हाइकं आपण जमवायची, जिमच्या मालकाला त्यातला वाटा द्यायचा आणि त्यानं दिलेल्या कोपऱ्यात, त्याच्या मर्जीनं माणसं घडवायची. मालकाची मर्जी फिरली की मोटरसायकलला किक मारून दुसरी जिम. विलास सकाळी बंटीकडं असायचा, संध्याकाळी स्टेशनकडच्या एका जिममध्ये. दुपारची भाकर आणि उकडलेली अंडी तो कुठल्यातरी झाडाखाली उभ्यानं खायचा. गिऱ्हाईक लग्नाला गेलं, आजारी पडलं, रुसलं, की त्याचा धंदा त्या दिवसापुरता बुडाला. त्याला स्वतःला ताप यायची मुभा नव्हती. "पर्सनल शिंकला तर गिऱ्हाईक पळते सर," तो म्हणायचा. "आपलं आंग हेच आपलं दुकान. दुकानाले कुलूप दिसलं नाई पायजे."

ते अंग लोक बिनदिक्कत चाचपायचे. येणारा-जाणारा त्याचा दंड दाबून पाहायचा, पोटावर बुक्की मारून पाहायचा. बाजारात बैल पाहतात तसं. मला ते बघवत नसे. विलास मात्र हसून दंड फुगवायचा आणि तो माणूस वळला की पंचानं दंड पुसायचा.

ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. पेपरात पहिल्या पानावर तापमान आणि आतल्या पानावर आत्महत्या, दोन्ही रोज, आणि आम्ही दोन्ही एकाच चहाबरोबर वाचायचो. माझ्या वर्गातली बाळापूर-पातूरकडची पोरं सांगून न सवरता यायची बंद व्हायची. आणि त्याच वर्षांत अकोल्यात कापडाच्या दुकानांवर, बँकांवर, औषधांच्या दुकानांवर एकेक जिम निघत होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं माझ्या भूगोलात नव्हतं. विलासला तो माहीत होता. तो स्वतः बाळापूर तालुक्यातल्या एका खेड्यातला. मोठा भाऊ तिथं थोडी कोरडवाहू जमीन कसायचा. "भाऊ ढेकळं फोडते, मी चरबी फोडतो," विलास म्हणायचा. "त्याच्या कामाले पाणी पायजे. माह्या कामाले दुसऱ्याचं पोट सुटेल पायजे. तेवढं तर गावात भरपूर हाये."

या धंद्यात फसवाफसवी किती आहे ते मला त्याच्याजवळ राहूनच कळलं. कंबर मोजायची टेप महिन्याच्या शेवटी किंचित आवळायची, म्हणजे गिऱ्हाईक खूश. वजनकाटा गादीच्या कडेवर ठेवायचा, म्हणजे तो वजन कमी दाखवतो. पण खरी कला रॉडची. माणूस बाकावर उताणा पडतो, हातात वजनं लावलेला लोखंडी रॉड धरतो, छातीपर्यंत आणतो आणि वर ढकलतो. त्याच्या डोक्यामागं विलास उभा. विलासची दोन-दोन बोटं रॉडखाली. रॉड वर जाताना त्या बोटांनी किती वजन उचललं हे खालच्याला कळत नाही, कारण त्याचा चेहरा लाल झालेला असतो आणि विलास सारखा ओरडत असतो, "तुमीच! तुमीच! मी हातबी नाई लावला! वाहवा!" खालचा उठतो तो छाती काढून आरशाकडं जातो. सगळ्या जिमला सांगतो की आज एवढं मारलं.

मला पहिल्यांदा कळलं तेव्हा चीड आली. मी म्हटलं, "विलास, ही शुद्ध लबाडी आहे."

"हावजी," तो म्हणाला. "पण खरं ऐकाले माणूस इथं येतेच कुठं? खरं त्याले घरी बायको सांगते."

मला त्यानं तसं कधी केलं नाही. जड काही लावू नको असं मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं म्हणून माझ्या हातात नुसता रिकामा दांडा असायचा, आणि तोही मला जड जायचा. विलास बोटं खाली धरायचा पण टेकवायचा नाही. "सर, तुमचं वजन थोडं हाये, पण तुमचंच हाये," असं एकदा म्हणाला. कॉलेजात कोणी माझी इतकी बरी स्तुती केली नव्हती.

माझं मूळ गाव अमरावती. आई तिथं, म्हणून सुट्टीत जायचो. एकदा तिथं एका शाळेच्या मैदानावर शरीरसौष्ठवाची स्पर्धा होती आणि विलास उतरणार होता, चाळिशीपुढच्यांच्या गटात. मी गेलो. मंडपामागं पाहिलं तर अंगाला तपकिरी रंग फासून, वर तेल चोपडून माणसं भिंतीला टेकून उभी. नसा दिसाव्यात म्हणून आदल्या दिवसापासून पाणी प्यायलेली नव्हती. विलासचे ओठ फुटले होते. घामानं रंग उतरून पोटऱ्यांवर ओघळ आले होते आणि एक पोरगा ब्रशनं ते भिंत रंगवल्यासारखे बुजवत होता. स्टेजवर कुठल्याशा पुढाऱ्याचा मुलगा बक्षिसं द्यायला आला होता. त्यानं विलासचा दंड दाबला, बोटांना रंग लागला, तर तो रंग त्यानं विलासच्याच छातीला पुसला. लोक हसले. विलासही हसला. त्याला तिसरं बक्षीस मिळालं, भिंतीवरचं घड्याळ आणि एक कागद.

खाली उतरल्यावर त्याच्या पायांत गोळे आले. मी त्याला पाणी पाजलं, जिलबी आणून दिली. तो मैदानाच्या कडेला, अंगावर तो घाणेरडा रंग तसाच ठेवून, जिलबी खात बसला.

"कशासाठी करतोस हे?" मी विचारलं.

"कागद पायजे ना सर. भिंतीवर लावाले. नवीन पोट्टे सुया टोचून घेते अन् सहा महिन्यात माह्या दुप्पट होते. मी काय दाखवू? हा कागद दाखवतो."

"भिंत कोणाची?"

त्यानं हातातली जिलबी कागदावर ठेवली. मग म्हणाला, "थेच तं. भिंतच नाई आपली."

त्याला आपली म्हणता येईल अशी भिंत मिळण्यासारखी एक जागा मात्र होती. ती मनोहरसेठच्या हातात होती. मनोहरसेठचं जुन्या कापूस बाजाराजवळ बी-बियाणं आणि खतांचं मोठं दुकान. अर्ध्या बाळापूर तालुक्याची पेरणी त्यांच्या गल्ल्यावरून व्हायची. गोरेपान, गुळगुळीत, हनुवटीखाली आणखी दोन हनुवट्या. हाताला अंगठ्या, त्या मशीनच्या दांड्यांवर टकटक वाजायच्या. व्यायाम झाला की जिमच्या खालच्याच हॉटेलातून कचोरी मागवायचे आणि व्यायामाच्या सायकलवर बसून खायचे, म्हणजे जिरते म्हणे. कचोरीचं तेल हँडलला. पुसायचा विलास.

सेठ विलासवर खूश होते. त्याच्या दोन बोटांच्या जिवावर ते जिममधल्या सगळ्या पन्नाशीच्या लोकांपेक्षा जास्त वजन मारत होते आणि गावभर सांगत होते. लग्नाकार्यात ते विलासला सोबत न्यायचे. "हा आपला पर्सनल," असं म्हणून त्याची पाठ थोपटायचे. आणि त्यांनी विलासला शब्द दिला होता की बाळापूर रोडला आपली नवी इमारत होतेय, तिचा वरचा हॉल तुझा. तू जिम टाक. भाडं पुढचं पुढं पाहू.

एका दुपारी विलास मला ती इमारत दाखवायला घेऊन गेला. खिडक्यांना चौकटी नव्हत्या, खाली सिमेंट सांडलेलं. त्यानं चपला बाहेर काढल्या. अनवाणी सबंध हॉलभर फिरला आणि हातवारे करून मला दाखवत राहिला. इथं रॅक, इथं बाया-माणसांची वेगळी वेळ म्हणून पडदा, इथं नळ अन् बादली, जो आला तो पयले हात-पाय धुईन. आरसा एकच, तोही दारामागं.

"आरशाशिवाय जिम चालेल?" मी म्हटलं.

"नाई चालली तं नाई. पण सर, आरशात माणूस सोताले पायतच नाई. बाजूच्याले पायते."

मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. इतका आनंदी तो मला कधी दिसला नव्हता. अंग होतं तोवर त्याचा धंदा होता आणि अंग आता किती वर्षं साथ देणार हे त्याला माझ्यापेक्षा नीट ठाऊक होतं. गुडघ्याला तो रोज पट्टी बांधायचा आणि वर फुलपँट घालायचा, कोणाला दिसू नये म्हणून. हा हॉल मिळाला तर तो तरला. नाही तर बंटीसारख्या पोरांच्या मर्जीवर मोटरसायकल फिरवत म्हातारा होणार होता.

त्या वर्षी सोयाबीन उगवलं नाही. पाऊस बरा होता, जमीन तयार होती, पण मनोहरसेठच्या दुकानातून नेलेलं बी जमिनीत कुजलं. विलासच्या गावात तर सगळ्यांनी तेच बी नेलं होतं, कारण आपल्या गावचा पोरगा रोज सेठच्या सोबत असतो, सेठ आपल्याला वाईट माल कसा देईल, असा त्यांचा हिशेब. ओळखीवर विश्वास टाकायचा ही आमच्याकडची रीत. पावती, पिशवीवरचं लेबल, तारीख, हे कोणी पाहत नाही. पाहणं म्हणजे अपमान केल्यासारखं.

एका सकाळी जिमच्या जिन्यात गलका झाला. गावाकडची माणसं आली होती. पुढं पुंजाजीकाका, विलासच्या शेजारचे म्हातारे, धोतर खोचलेलं, डोक्याला कानांवरून बांधलेलं टापराचं फडकं. जिममध्ये बाहेरच्या चपलांना मनाई, म्हणून ती सगळी माणसं चपला हातात घेऊन पायऱ्यांवर उभी होती. आत यायचं की नाही हे त्यांना कळत नव्हतं. गाणी वाजत होती. त्यांनी आरशांकडं पाहिलं, चड्ड्यांवर धावणाऱ्या बायांकडं पाहिलं आणि नजरा खाली घातल्या. एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी नाकाला टॉवेल लावला. ज्या खोलीत आमच्या सगळ्यांच्या घामाची घाण कोंडली होती तिथं त्यांना त्या माणसांचा वास आला!

सेठ ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालत होते. आरशात त्यांनी पायऱ्या पाहिल्या, पट्टा बंद केला आणि बाथरूमच्या बाजूच्या दारानं निघून गेले.

"इलास," पुंजाजीकाका म्हणाले, "तू सांग बावा त्यायले. आमाले दुकानात उभं करून नाई रायले. म्हन्ते, तुमीच खोल पेरलं. सगळ्या गावानं खोल पेरलं का? तू रोज त्यायच्या संग असतो. तुह्यं आयकतीन."

"काका, मी त्यायचा कोन?"

"कोन म्हंजे? आमी तं सगळ्यायले सांगतो, इलास सेठचा खास हाये."

विलास माझ्याकडं वळून पाहत होता. मला त्याचा चेहरा सांगत होता की तो हॉल त्याच्या डोळ्यांसमोर आहे. त्यानं काकांना चहा पाजला आणि सांगतो म्हणाला.

आता सांगायचं कुठं? इतर वेळी सेठच्या कानाला फोन. दुकानात नोकर आत सोडत नाहीत. सेठ त्याचं ऐकतात ती जगात एकच जागा, तो बाक. तिथंच बोलायचं त्यानं ठरवलं, ही विलासची चूक. दुसऱ्या कोणाला ती सुचलीही नसती, पण त्याचं सगळं आयुष्य त्या बाकाच्या डोक्याशी उभं राहण्यात गेलं होतं.

दोन दिवसांनी सेठ आले, बाकावर पडले. मी शेजारच्या सायकलवर होतो आणि वरची गाणी त्या दिवशी बंद होती. पहिली फेरी झाली, "तुमीच, तुमीच" झालं. सेठ दम घेत पडले होते तेव्हा विलास वाकून म्हणाला, "सेठजी, एक बोलू का? आमच्या गावचं बी नाई निंघालं. एक खेप येऊन वावरं पाहून घेतले असते तुमी. निदान दुसरं बी तरी..."

सेठ डोळे मिटूनच म्हणाले, "विलास, व्यायामाच्या वेळी व्यायाम."

"लोक दुबार पेराले बसले जी. हातात काईच नाई."

"ते लोक," सेठ हसले, "दरवर्षीचंच आहे त्यांचं. आळशी लेकाचे. पेरता येत नाही आणि बियाण्याला नावं ठेवतात. मरायला टेकलेत तर मी काय करू? चल, वजन वाढव. आज दाखवू यांना."

विलासनं वजन वाढवलं. दोन्ही बाजूंना एकेक चकती घातली, पिना लावल्या, पुन्हा डोक्याशी येऊन उभा राहिला. सेठनी रॉड उचलून छातीवर आणला. मग विलासनं बोटं काढून घेतली आणि दोन्ही हात पाठीमागं बांधले.

रॉड छातीवर बसला. सेठनी ढकललं, रॉड हलला नाही. एवढी वर्षं जे वजन आपलं समजत होते त्याच्यातलं आपलं किती, हे त्या माणसाला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. त्यांचे पाय हवेत झाडायला लागले. तोंडातून आवाज निघेना. विलास वरून शांतपणे म्हणाला, "उचला जी. रोज तुमीच तं उचलता."

एवढं वाक्य बोलायला लागतो तेवढाच वेळ. मग त्यानंच झटकन वाकून रॉड वर ओढला आणि बाकाच्या घोडीवर टाकला. सेठ उठून बसले, खोकले आणि किंचाळले, "मारत होता मला! पाहिलं ना सगळ्यांनी? मारत होता!"

मला खोटं बोलायचं नाही. ते दृश्य पाहून मला बरं वाटलं होतं. पुढच्या अर्ध्या तासात जे झालं त्याची मात्र किळस आली. बंटीनं सगळ्यांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, माझ्या कानात गाणी होती. बँकेतले एक साहेब म्हणाले, मी पाठमोरा होतो. चारी भिंतींना आरसे असलेल्या खोलीत! मी म्हणालो, "मी पाहिलं. यानं हात काढले आणि लगेच लावले. त्याआधी सेठ काय बोलले तेही मी ऐकलं." बंटी अदबीनं म्हणाला, "सर, तुमचं खरं असेल. पण सेठजी आपले लाइफ मेंबर आहेत." विलासला त्यानं तिथल्या तिथं काढून टाकलं, दारापर्यंतही पोचवलं नाही. संध्याकाळपर्यंत स्टेशनकडच्या जिमलाही बातमी गेली होती. मालक लोक एरवी एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, पण या बाबतीत त्यांची फार एकी.

त्याची गिऱ्हाइकं एका आठवड्यात दुसऱ्या पर्सनलांकडं वळली. तब्येत जपणाऱ्या माणसांची निष्ठा किती पातळ असते ते मी तेव्हा पाहिलं. मी त्याच्याचकडं राहिलो, कारण दुसरं कोणी मला सहन झालं नसतं. आम्ही सकाळी कॉलेजच्या मागच्या मैदानावर भेटायचो. मी फेऱ्या मारायचो, तो गुडघ्याची पट्टी उघडपणे बांधायचा.

"बरं केलंस," मी एकदा म्हणालो.

तो माझ्यावर उसळला. "काय बरं केलं? मानूस रॉडखाली असला की त्याच्या डोक्याशी उभा रायते त्यानं हात काढू नाई. तो कितीबी हरामी असो. मले उस्तादानं येवढी एकच गोष्ट शिकवली होती. मी जिनगी तिच्यावर काढली अन् त्या भाडखाऊसाठी मोडली."

सेठच्या बोलण्यापेक्षा स्वतःच्या हातांची त्याला जास्त शिसारी आली होती. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. पण तो तसा होता.

गावानं कुठून-कुठून बी आणून दुबार पेरलं. सोयाबीनसोबत लावलेली कपाशी उभी होती, तिला आता युरिया हवा होता, आणि युरियाची त्या पावसाळ्यात ओरड होती. मनोहरसेठच्या गोदामात माल होता. इतर गावांना मिळत होता. विलासच्या गावचं नाव घेतलं की नोकर म्हणायचा, संपला.

मग पुंजाजीकाका पुन्हा आले, या वेळी मैदानावर. मला वाटलं धीर द्यायला आले असतील.

"इलास, तू कायले त्याच्या आंगावर गेला?" काकांनी आल्या आल्याच विचारलं. "आमी बोल म्हनलो, मार म्हनलो का? आता आमाले खत भेटून नाई रायलं. कपाशी पिवळी पडली. जाय बावा. पाय धर त्याचे. गावासाठी धर."

मी मध्ये पडलो. म्हटलं, काका, याचं सगळं गेलं तुमच्यासाठी. काका माझ्याकडं कीव केल्यासारखं पाहत म्हणाले, "सर, तुमचा पगार पयल्या तारखेले येते." माझा राग मात्र गेला नाही. त्यांच्यावरचाही नाही आणि जे त्यांना असं बोलायला लावत होते त्यांच्यावरचाही नाही.

"जातो," विलास म्हणाला. "सर, तुमी नोका येऊ."

मी गेलो. दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर उभा राहिलो. दुकानापुढं गावाची ट्रॅक्टर-ट्रॉली लागलेली, तिच्यापाशी काका आणि चार माणसं. विलासनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. तो गल्ल्यासमोर जाऊन वाकला. सेठनी त्याला पायापर्यंत वाकू दिलं, मग खांद्याला धरून उठवलं. मोठ्यानं, रस्त्यावर ऐकू जाईल असं म्हणाले, "अरे, माफी कसली! तू तर आपला माणूस. हॉल काय तो बँकेला दिला, ते विसर. पण गावाला माल देऊ ना! फक्त आज हमालांना सुट्टी आहे. तू भर ट्रॉली. तुझ्या अंगात दम आहे."

हमाल तिथंच पोत्यांवर बसून बिड्या ओढत होते. त्यांच्यातला एक म्हणाला, "आमच्या पोटावर कायले पाय देऊन रायला हा पैलवान?" सेठनी त्याला डोळ्यानं गप्प केलं.

विलासनं शर्ट काढून काकांजवळ दिला. गोदामातून पोतं पाठीवर घ्यायचं, फळीवरून ट्रॉलीत चढायचं, टाकायचं, उतरायचं. सेठ खुर्ची बाहेर घेऊन बसले. मोबाइल काढून त्यांनी शूटिंग सुरू केलं आणि गिऱ्हाइकांना बोलावून दाखवू लागले. "पाहा, आमचा पर्सनल! चल विलास, आणखी एक! तूच! तूच! आम्ही हातही नाही लावला!" दुकानात हशा पिकला. चहाची टपरीसुद्धा हसली. एक-दोघांनी तर फळीजवळ जाऊन चढता चढता त्याचा दंड दाबून पाहिला.

माझ्या हातातला चहा मी ओतून दिला. मी रस्ता ओलांडून सेठसमोर गेलो आणि म्हणालो, "लाज वाटत नाही तुम्हाला?" सेठनी मोबाइल माझ्याकडं वळवला आणि हसून म्हणाले, "सर, चहा घेणार?" माझा सगळा राग त्या पडद्यावर एक चिडका मास्तर होऊन उमटला असणार. विलासनं फळीवरून फक्त मान हलवली, जा म्हणून.

ट्रॉली भरली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. त्या दिवसानंतर मला विलास भेटलेला नाही. मैदानावर मी बरेच दिवस जात राहिलो. कोणी म्हणतं अमरावतीला लग्नाच्या हॉलवर दारात उभा असतो, कोणी म्हणतं चिखलदऱ्याला कुठल्या हॉटेलात आहे. मी आता खोलात जाऊन विचारत नाही. जिमला तर त्यानंतर मी गेलोच नाही; साखर आहे ती आहे.

त्या दिवशी शेवटचं पोतं टाकून तो ट्रॉलीच्या चाकाला टेकून उभा होता. फाटक्या पोत्यातला युरिया घामावर चिकटून पाठीला, मानेला आग होत होती, कातडी लाल झाली होती. काकांनी कमरेचं धोतर थोडं सोडलं आणि त्याच्या सोग्यानं विलासची मान पुसली. "जयते ना बावा? घरी गेल्यावर खोबऱ्याचं तेल लावू." ट्रॅक्टर सुरू झाला. त्यानं ट्रॉलीची कड धरून वर चढायचा प्रयत्न केला, पण अंग वर घेता येईना. दोन म्हाताऱ्यांनी वाकून त्याला काखेत धरलं आणि पोत्यांवर ओढून घेतलं. ट्रॉली बाळापूर रोडकडं वळली तेव्हा त्याला मी दिसलो.

"सर," तो ओरडला, "उद्या नोका येऊ मैदानावर. हात वर जाऊन नाई रायले."

निरोपाला म्हणून त्यानं उजवा हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि तिथूनच खाली गेला.